साडेदहाचं वारं: बेळगावच्या टेकड्यांवर जानेवारीतल्या एका दिवसाचा प्रकरण अभ्यास

जानेवारीचा मध्य. बेळगावच्या पश्चिमेला, खानापूर-चंदगडच्या अंगाने टेकड्यांच्या ज्या ओळी सुरू होतात, त्यांतली एक उत्तर-दक्षिण पसरलेली टेकडी. पायथ्याची शेतं समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटरवर, माथा ९४० मीटरवर. पूर्वेचा उतार मोकळा आणि गवताळ. पश्चिमेला झुडपं आणि मागे अरुंद खोरं. पॅराग्लायडरचा टेकऑफ पूर्वेकडे तोंड करून. सकाळी आठला पायथ्याशी झाडाचं पान हलत नाही, आभाळ कोरं, ऊन कोवळं. पायलटांचे दोन गट आहेत. पहिला गट दहा वाजून पाच मिनिटांनी हवेत गेला आणि त्यातला एक जण साडेदहाच्या आत टेकडीच्या मागे ओढला गेला. दुसरा गट दुपारी दीडला, त्याच टेकडीवरून, त्याच पूर्वेच्या वाऱ्यात उडाला आणि दोन तास हवेत राहून हव्या त्या शेतात उतरला.

हे प्रकरण कुठल्या एका तारखेचं नाही. या पट्ट्यात डिसेंबर ते फेब्रुवारीत असे दिवस वारंवार येतात, त्यांचा हा नमुना. आकडेही त्या प्रकाराला साजेसे आणि गणित करून दाखवता येईल असे घेतले आहेत. टेकडीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण नाव दिलं की लोक थेट पंख घेऊन पोहोचतात. इथल्या बऱ्याच टेकड्या वनखात्याच्या, गायरानाच्या किंवा देवस्थानाच्या आहेत. आधी विचारावं लागतं. शहराच्या पूर्वेला सांबऱ्याचा विमानतळ आणि हवाई दलाचं ठाणं आहे. त्या बाजूच्या नियंत्रित हवाई क्षेत्रात परवानगीशिवाय जायचं नाही, हा विषय तिथेच संपतो.

सकाळच्या हवेचा उभा छेद

बेळगाव पठारावर आहे ही गोष्ट हवामानाचे नकाशे उघडले की भल्याभल्यांच्या ध्यानातून सुटते. ७६० मीटरवर हवेचा दाब साधारण ९२५ हेक्टोपास्कल असतो. म्हणजे ॲपमध्ये '९२५ चा वारा' म्हणून जो बाण दिसतो तो बेळगावात जमिनीलगतचा असतो, कधी तर कागदोपत्री जमिनीच्या खालचाही. मुंबई-गोव्याच्या पायलटला ८५० चा, म्हणजे ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या उंचीवरचा, वारा दीड हजार मीटर डोक्यावर असतो. बेळगावात तो शेतापासून जेमतेम साडेसातशे मीटरवर, आपल्या टेकडीच्या माथ्यापासून फक्त ५८० मीटरवर. त्यामुळे इथे ८५० चा आकडा आधी वाचायचा आणि कमाल तापमान मागाहून.

दुसरी अडचण मोजमापाची. सर्वांत जवळचा रेडिओसाँडचा, म्हणजे वरच्या हवेचं तापमान आणि वारा मोजणारा, फुगा गोव्यात सुटतो, पहाटे ५:३० चं मोजमाप आणि संध्याकाळी ५:३० चं. तो समुद्रालगतच्या हवेतून वर जातो. ८५० च्या वरचं त्याचं वाचन बेळगावला बऱ्यापैकी लागू पडतं. खालचं पडत नाही, कारण पठारावर रात्री साचलेली थंड हवा जमिनीला चिकटून ७६० मीटरपासून सुरू होते, आणि त्याच उंचीवर गोव्याच्या फुग्याला ती दिसायचा प्रश्नच येत नाही. संगणकी मॉडेलांचीही गोम आहे. जीएफएस या अमेरिकी मॉडेलची आकडेवारी ०.२५ अंशाच्या जाळीवर मिळते, म्हणजे एक चौकोन साधारण २७ किलोमीटरचा. एवढ्यात आपली टेकडी तर नाहीच, सह्याद्रीचा कडासुद्धा उतरत्या गादीसारखा सपाट होतो. म्हणून वरची हवा मॉडेल आणि गोव्याच्या फुग्यावरून घ्यायची, आणि खालचे चारशे मीटर स्वतः मोजायचे.

नमुन्याच्या दिवशी पहाटे ५:३० ला चित्र असं होतं:

७६० मीटर (शेत): १३ अंश, वारा शून्य
९४० मीटर (माथा): १६ अंश, पूर्वेचा १२ किमी प्रतितास
११५० मीटर: १९.५ अंश, पूर्वेचा ३६
१५२० मीटर (८५०): १७.५ अंश, पूर्वेचा २८
२०३० मीटर (८००): १४ अंश, पूर्वेचा १८
२२५० मीटर: १४.५ अंश, पूर्व-ईशान्येचा १५
३१५० मीटर (७००): ८.५ अंश, ईशान्येचा १०

यात दोन इन्व्हर्जन आहेत, म्हणजे वर जाताना हवा थंड होण्याऐवजी गरम होत जाते असे थर. पहिलं जमिनीपासून ११५० मीटरपर्यंत, साडेसहा अंशांचं. हे रात्रीचं, निरभ्र आकाशाखाली जमीन थंडावल्यामुळे झालेलं. दुसरं २०३० ते २२५० मीटरच्या दरम्यान, जेमतेम अर्ध्या अंशाचं. हिवाळ्यात मध्य भारतावर जो जास्त दाबाचा पट्टा बसतो त्यातली हवा हळूहळू खाली बसते आणि बसताना तापते, तिचं हे झाकण. पहिलं इन्व्हर्जन सकाळी कधी फुटणार ते महत्त्वाचं, कारण धोका तिथे आहे. दुसरं दिवसभर फुटत नाही. दुपारची उंची तेच ठरवतं.

त्याच जास्त दाबामुळे वाराही पूर्वेचा. आपल्या गोलार्धात जास्त दाबाभोवती हवा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते, आणि बेळगाव त्या पट्ट्याच्या दक्षिणेला येतं. हिवाळ्यात इथे पूर्वेचे उतार वाऱ्याकडचे आणि पश्चिमेचे उतार आडोशाचे, हे त्यातूनच आलं. पावसाळ्याच्या अगदी उलट.

११५० मीटरवरचा ३६ चा आकडा

शेतात पान हलत नाही आणि चारशे मीटर वर ३६ किमीचा वारा. दिवसा जमिनीचं घर्षण थर्मलच्या, म्हणजे तापल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या गरम हवेच्या, घुसळणीतून वरपर्यंत पोहोचतं आणि सगळ्या थराला आवरून धरतं. सूर्य बुडाला की घुसळण थांबते, जमिनीवर थंड हवेचा थर बसतो आणि वरची हवा घर्षणातून सुटते. तिच्यावरचा दाबाचा रेटा मात्र तसाच असतो, त्यामुळे ती वेग घेत जाते. वेग चढण्या-उतरण्याचा हा फेरा अक्षांशावर अवलंबून असतो. १६ अंशांवर त्याची पूर्ण आवृत्ती सुमारे ४४ तासांची, म्हणून आपल्याकडे वेग रात्रभर चढतच राहतो आणि हा वरचा वेगवान वारा, म्हणजे झोत, पहाटे-सकाळी सर्वांत जोमात असतो. उत्तरेकडच्या देशांतल्या पुस्तकांत हा झोत मध्यरात्रीनंतर ओसरू लागतो असं वाचून कुणी बेळगावात हिशोब मांडला तर तो फसेल.

झोत आहे की नाही हे डोळ्यांनी कळतं. जानेवारी म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात. कारखान्याच्या धुराड्यातून निघालेला धूर सकाळी सरळ वर जातो, मग एका उंचीवर कात्रीने कापल्यासारखा मोडतो आणि पश्चिमेकडे पट्टीसारखा लांबत जातो. तो जिथे मोडला तिथून वर झोताचं राज्य. पट्टी जितकी पातळ आणि लांब, तितका वरचा वारा जोरात आणि हवा स्थिर. कारखाना नजरेत नसेल तर कुठे तरी पाचट पेटवलेलं असतंच.

तापमापी आणि दुचाकी

इन्व्हर्जन फुटायची वेळ काढायला महागडं यंत्र लागत नाही. दोन सारखे डिजिटल तापमापी पुरतात, तीन-चारशे रुपयांचे. आदल्या दिवशी दोन्ही एकत्र ठेवून त्यांच्यात किती फरक दाखवतात ते लिहून ठेवायचं. एक पायथ्याच्या शेतात, जमिनीपासून दीड-दोन मीटरवर, सावलीत, वारा लागेल असं टांगायचं. दुसरं माथ्यावर तसंच. गाडीच्या टपावर, पत्र्याजवळ किंवा उन्हात ठेवलेलं वाचन कचऱ्यात.

आता हिशोब. कोरडी हवा वर चढताना दर हजार मीटरला ९.८ अंश थंडावते. टेकडी १८० मीटरची, म्हणजे घुसळण माथ्यापर्यंत पोहोचली की माथा पायथ्यापेक्षा १.८ अंशांनी थंड असायला हवा. पहाटे माथा ३ अंशांनी गरम होता. माथ्यावर १६, म्हणून पायथ्याला १७.८ झालं की पहिला टप्पा. तो साधारण ८:५० ला येतो. इथे बरेच जण समजतात की इन्व्हर्जन गेलं. गेलेलं नसतं, फक्त टेकडीएवढं गेलेलं असतं, आणि त्याच्या वर अजून २१० मीटरचं झाकण शिल्लक असतं.

पूर्ण फुटायचं तापमान असं काढायचं: ११५० मीटरवर १९.५ अंश, तिथून शेतापर्यंत ३९० मीटर, त्याचे ३.८ अंश. बेरीज २३.३. शेतातला तापमापी २३.३ वर गेला की थर्मल झोतात शिरतात आणि झोत थर्मलच्या शेजारून खाली उतरतो. ८५० पर्यंत पोहोचायला २५ अंश लागतात, २०३० मीटरपर्यंत पोहोचायला २६.५. बेळगावच्या जानेवारीत, सव्वासातच्या आत सूर्योदय आणि निरभ्र आकाश धरलं तर, २३.३ साधारण १०:२० ला, २५ साधारण १०:५० ला आणि २६.५ साडेअकराच्या सुमारास.

म्हणजे ८:५० ते १०:२० या दीड तासात माथ्यावर १२ ते १६ किमीचा गुळगुळीत वारा मिळतो. इतक्या वाऱ्यात १८० मीटरच्या टेकडीवर टिकणं कठीण: १५ किमी म्हणजे सेकंदाला ४.२ मीटर, मध्यम उतारावर त्याचा वर जाणारा भाग सव्वा मीटरच्या आसपास, आणि ग्लायडरचा स्वतःचा सिंक, म्हणजे खाली बसायचा वेग, १.१ मीटर. शिकाऊंना उतरून यायला हा वेळ उत्तम. जो माथ्यावर तरंगायच्या आशेने थांबतो, तो वारा 'थोडा वाढण्याची' वाट बघत असतो, आणि नेमकं तेच मागतो जे त्याला नको असायला हवं.

१०:०५ ते १०:३०

पहिल्या गटातल्या पायलटने १०:०५ ला टेकऑफ केला तेव्हा माथ्यावर १५ किमी होता. शेतात २२ अंश. ग्लायडरचा ट्रिम वेग, म्हणजे ब्रेक न ओढता मिळणारा, समुद्रसपाटीला ३६ किमी. माथ्यावर त्या तापमानाला हवेची घनता साधारण १४०० मीटर उंचीच्या प्रमाण हवेइतकी, त्यामुळे खरा वेग ७ टक्क्यांनी जास्त, ३८.५. पूर्वेकडे तोंड केल्यावर जीपीएसवर जमिनीचा वेग २३ ते २४ दिसत होता. आकडा चांगला होता आणि त्यानेच दिशाभूल केली.

१०:१६ ला माथ्यावर पहिला खरा थर्मल आला. व्हेरिओ, म्हणजे चढ-उताराचा वेग वाजून सांगणारं यंत्र, सेकंदाला दोन मीटरने वाजायला लागला. पायलटने वळसा घेतला. ३० मीटर उंची मिळाली म्हणून दुसराही घेतला. सगळं प्रकरण या दोन वळशांत आहे. वळशाला १६ सेकंद लागतात. वारा तोवर ३४ किमी झालेला, म्हणजे सेकंदाला ९.४ मीटर. एका वळशात ग्लायडर १५० मीटर मागे सरकतो, दोनमध्ये ३००. टेकऑफच्या पुढे २०० मीटरवर असलेला पायलट दुसरा वळसा संपताना माथ्याच्या रेषेच्या १०० मीटर मागे होता आणि त्याला ते कळलं नाही, कारण लिफ्टमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या हवेत, नजर व्हेरिओवर असते.

खालून रेडिओवर आलं: "मागं सरकायला लागलास, वळू नको, तोंड पुढं कर." तोंड पुढे केल्यावर जीपीएसवर ४ किमी. मग स्पीड बार, म्हणजे पायाने दाबून वेग वाढवायची दांडी. पूर्ण बारवर खरा वेग ४८ पर्यंत जातो, म्हणजे कागदावर १४ किमीने पुढे. पण आता तो माथ्याच्या आडोशाच्या काठावर होता, घुसळलेल्या हवेत, आणि पूर्ण बारवर पंखाचा पुढचा काठ सर्वांत हलका असतो. अर्ध्या मिनिटात उजवी बाजू मिटली, बार सोडावा लागला, सिंक सेकंदाला ४ मीटर. सत्तर मीटर उंची वीसेक सेकंदांत संपली. ग्लायडर मागच्या उतारावर झुडपांत बसला. पायलटला खरचटलं, दोऱ्या तुटल्या. आडोशाच्या रोटरमध्ये, म्हणजे टेकडीमागे फिरणाऱ्या भोवऱ्यात, एवढ्यावर भागलं हे नशीब.

त्या क्षणी काय करायला हवं होतं, यावर दोन मतं असतात. पहिलं म्हणजे वळसाच घ्यायचा नव्हता: माथ्याच्या पुढे किमान टेकडीच्या उंचीइतकं, इथे १८० मीटर, अंतर वळशानंतरही उरणार असल्याशिवाय पूर्ण वळसा नाही, फक्त टेकडीला समांतर आठचा आकडा आणि प्रत्येक वळण दरीकडे. याबद्दल वाद नाही. वाद त्यापुढचा आहे. मागे गेल्यावर झुंजायचं की पळायचं? आमच्या मते उंचीवर ठरतं. माथ्याच्या वर दीड-दोनशे मीटर हातात असतील तर वाऱ्यासोबत सरळ मागे जाऊन टेकडीच्या उंचीच्या सात ते दहा पट अंतर काढावं, म्हणजे इथे सव्वा ते पावणेदोन किलोमीटर, आणि मोकळ्या रानात उतरावं. सत्तर मीटर असतील तर पळूनही रोटरमध्येच पडणार. मग तोंड वाऱ्याकडे, बार निम्मा, हात ब्रेकवर जिवंत, आणि बाजूला सरकत टेकडीची खिंड किंवा टोक गाठायचा प्रयत्न. पूर्ण बार हा घाबरल्यावरचा उपाय आहे. चांगला उपाय नव्हे.

इशारे होते का? तीन होते. शेतातला तापमापी १०:१५ ला २३ दाखवत होता. टेकऑफवरच्या विंडसॉकने (वारा दाखवणारी कापडी नळी) दहा मिनिटांत दोनदा लटकून पुन्हा ताठ व्हायचा खेळ केला. आधीच्या तासात तो एकसारखा होता. आणि तिसरा, ज्याकडे कुणी लक्ष देत नाही, तो नाकाला कळणारा: सव्वादहाच्या सुमारास टेकऑफवर कारखान्याच्या धुराचा वास आला. सकाळभर जो धूर इन्व्हर्जनमध्ये वरच्या वर पट्टीत अडकून चालला होता, त्याच्यापर्यंत घुसळण पोहोचली की तो एकदम जमिनीवर उतरतो. जी हवा धूर खाली आणते तीच झोतही खाली आणते. कारखाना वाऱ्याच्या वरच्या बाजूला, पूर्वेला असेल तर हा वास म्हणजे पाच-दहा मिनिटांची नोटीस.

दुपारी दीड

मग तीच टेकडी दुपारी का चालली? शेत ते ८५० या थराचा सकाळचा सरासरी वारा काढला तर २४ किमी येतो. इन्व्हर्जन फुटताना हा सगळा वारा एकदम वाटला जातो, म्हणून जमिनीवर १५ आणि माथ्यावर, जिथे हवा दाटून पुढे सरकते, झटक्यांत ३० ते ३५. पण एकदा वाटणी झाली की जमिनीचं घर्षण पुन्हा पूर्ण थराला लागू होतं. थर १५०० मीटर खोल झाला, रात्रभर साठवलेला वेग तास-दोन तासांत खर्ची पडला, नवा साठा व्हायला रात्र लागते. दीडला माथ्यावर १६ ते १८ किमी, झटके २४ पर्यंत. विंडसॉकची उचल साधारण सात मिनिटांच्या फेऱ्याने. फेरा चढायला लागताच टेकऑफ. शिगेला असताना नव्हे.

उंचीचं गणित सकाळीच झालं होतं. कमाल तापमान २९. तिथून ९.८ ने वर गेलं तर २२४० मीटरवर रेघ दुसऱ्या इन्व्हर्जनला भिडते. थर्मलचं टोक तिथे, पण ग्लायडर टोकापर्यंत कधीच जात नाही. शेवटचे अडीचशे-तीनशे मीटर इतके मंद की सिंकपुढे टिकत नाहीत. हातात १९५० ते २००० मीटर, म्हणजे शेतापासून बाराशे मीटर. ढग? दुपारचा दवबिंदू ८ अंश, फरक २१, दर अंशाला १२५ मीटर धरून ढगाचा तळ शेतापासून २६०० मीटरवर यायला हवा. थर्मल तिथवर पोहोचतच नाहीत. आभाळ निळंच राहणार. तेव्हा थर्मल शोधायचे घारींवरून, वावटळींवरून आणि जमिनीवरून. पाण्याखालचा हिरवा ऊस थंड, त्यावर सिंक. कापून मोकळी झालेली भाताची खाचरं, नांगरलेलं काळं रान, जांभ्याचे उघडे माळ गरम. ऊस आणि कोरडं रान जिथे भिडतात त्या बांधावर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, पहिली फेरी.

थर्मल १.५ ते २ मीटरचे. हजार मीटर चढायला दहा मिनिटं, तेवढ्यात १६ किमीच्या वाऱ्याने २.७ किलोमीटर पश्चिमेला वाहणं आलं. निळ्या दिवशी दोन थर्मलमधलं अंतर थराच्या खोलीच्या अडीच पट धरतात, इथे पावणेचार किलोमीटर. शांत हवेत ८ ला १ सरकणारा ग्लायडर वाऱ्याविरुद्ध ४.६ ला १ वर येतो. पावणेचार किलोमीटर पुढे जायला आठशे मीटर खर्च. म्हणून पूर्वेकडे परत यायची स्वप्नं बघायची नाहीत. दुसऱ्या गटाने टेकड्यांची रांग धरून उत्तरेला आणि परत असा आडवा मार्ग ठेवला, पूर्वेची शेतं कायम ग्लाइडमध्ये, म्हणजे सरकत पोहोचता येईल अशा अंतरात. हुक्केरी-संकेश्वरच्या बाजूला रान मोकळं होत जातं, महामार्ग जवळ असतो. गाडीने शोधायलाही सोपं.

उतरताना तीन गोष्टी. तोडलेल्या उसाचं शेत वरून सपाट दिसतं, पण बुडखे घोट्याला आणि दोऱ्यांना धारदार लागतात. भाताच्या खाचरांना बांध असतात, धावत उतरायचं तर बांधाला समांतर. आणि प्रत्येक विहिरी-बोअरच्या पंपाला तार जाते. खांब दिसला की तार आहेच असं धरायचं, दिसो न दिसो. दुपारी पातळ हवेमुळे उतरण्याचा वेग सात-आठ टक्के जास्त असतो, ब्रेक नेहमीपेक्षा उशिरा पण पूर्ण.

पश्चिमेची हद्द

पूर्वेच्या वाऱ्यासोबत सरळ पश्चिमेला जायचा मोह सर्वांत मोठा, कारण अंतर फुकट मिळतं. जांबोटीच्या पुढे शेतं विरळ होतात, कणकुंबीच्या पुढे जवळपास संपतात. घाटमाथा बेळगावपासून हवाई अंतराने तीस ते पंचेचाळीस किलोमीटर, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे भीमगड आणि म्हादईचं अभयारण्य. सलग जंगल, उतरायला जागा नाही, मोबाइलला रेंज नाही. पूर्वेचा वारा कड्यावरून कोकणात कोसळतो तिथे काही शे मीटरचा सिंक आणि रोटर. दुपारी कड्याचा पश्चिम उतार उन्हात तापतो आणि तिथले थर्मल खरोखर जोरात असतात; आडोशातले थर्मल. व्हेरिओ छान वाजतो आणि पंख मिटतो.

खाऱ्या वाऱ्याचं काय? समुद्र बेळगावपासून साधारण ऐंशी किलोमीटर. ८५० ला पूर्वेचा २८ असेल त्या दिवशी खारं वारं घाटाच्या पायथ्याशीच अडून राहतं. पूर्वेचा १५ च्या खाली असेल तर साडेतीन-चारनंतर ते घाट चढून येऊ शकतं, आणि दोन वारे भिडतात तिथे घाटाला समांतर लिफ्टची ओळ बनते, कधी छोट्या ढगांची माळ. तिच्या पूर्वेकडच्या बाजूला राहायचं. ती ओलांडली की वारा उलटा, हवा दमट, धुरकट आणि खाली जंगल. जमिनीवर खारं वारं आल्याची खूण म्हणजे दवबिंदू अर्ध्या तासात चार-पाच अंशांनी चढतो आणि धुराड्याचा धूर पूर्वेकडे झुकतो.

बदललेले आकडे

हाच तक्ता घेऊन दुसऱ्या दिवसाचे आकडे घातले तर निर्णय पार बदलतो. उत्तर भारतात पश्चिमी विक्षोभ असताना किंवा उपोष्ण पश्चिमी झोत (हा फार उंचावरचा, आपला सकाळचा झोत नव्हे) खाली सरकलेला असताना बेळगाववर उंच पांढऱ्या तंतुमेघांचं पटल येतं. वाऱ्यावर त्याचा परिणाम नाही, उन्हावर आहे. कमाल २९ ऐवजी २६ झालं तर थर्मलचं टोक २२४० वरून १८६० मीटरवर येतं. तीन अंशांचे पावणेचारशे मीटर. शिवाय २३.३ गाठायला सव्वादहाऐवजी साडेअकरा वाजतात, म्हणजे झोताचा धोका नेहमीच्या वेळी आला नाही म्हणून टळला असं समजणाऱ्याला तो ऐन टेकऑफच्या रांगेत गाठतो. घड्याळ बघून ठरवणं इथे चालत नाही, तापमापी बघावा लागतो.

बंगालच्या उपसागरात डिसेंबरमध्ये कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन तमिळनाडूकडे सरकत असेल तर ८५० चा पूर्वेचा वारा ४० किंवा त्याहून वर जातो. त्या दिवशी दुपारीही माथ्यावर २८ ते ३० राहतो आणि थर उथळ असतो. पायथ्याला जमीन शांत दिसली तरी पंख पिशवीतच राहिलेले बरे. फार तर शेतात पंख उभा करायचा सराव, तोही नऊच्या आत.

संध्याकाळची एक गोष्ट. सूर्यास्त सव्वासहानंतर, पण जमीन पाचपासून थंडावायला लागते. साडेपाचला हवा गुळगुळीत होते, माथ्यावर वारा एकसारखा मिळतो आणि सगळ्यांना आणखी एक उड्डाण हवं असतं. त्याच वेळी वरची हवा जमिनीपासून सुटायला लागलेली असते. पायथ्याचा विंडसॉक पडला आणि माथ्यावरचा चढला, म्हणजे झोत पुन्हा सुरू झाला. त्यानंतर टेकऑफ नाही, आणि हवेत असलेल्याने माथ्याच्या पुढे येऊन उंची सोडायला घ्यायची.